कण्याचा तुकडा

कसरतीचं विमान म्हणजे लोकांना खेळ वाटतो. खालून टाळ्या पिटणाऱ्याचं काय जातं? वर कोलांटी मारून विमान सावरताना त्याच्या वजनाच्या नऊपट ओझं पंखांवर येतं, आणि ते सगळं पेलतो पंखातला लाकडी कणा. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेला. गोंद सुटला की माणूस संपला.

विमान ताईने आखलं होतं, तिचा नवरा बांधत होता आणि उडवणार होता तिचा धाकटा भाऊ. वर्कशॉपचा रिवाज एकच. गोंदाचं जे भांडं कालवायचं, त्यातूनच दोन लाकडं चिकटवून एक तुकडा बाजूला ठेवायचा. तो फोडायचा वैमानिकानेच. मान त्याची, म्हणून हातोडाही त्याचा. लाकूड फाटलं तर गोंद पक्का, जोड सुटला तर ते भांडं वाया.

धाकटा सरावाला बाहेरगावी गेला होता. नवऱ्याला कुठला दम निघतोय! त्याने पंखावर प्लायवूड चढवलं, घासलं, पंख बंद करून टाकला.

धाकटा आला, त्याने तुकडा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि हातोडा हाणला. बिस्किटासारखे दोन भाग. लाकडाचा एक धागा तुटला नव्हता.

"फुटला?" ताईने विचारलं.

"उघडला."

नवऱ्याचा चेहरा उतरला, तोंड मात्र चालूच. "अगं, तो मी सगळ्यात शेवटी केला. भांड्याचा तळ खरवडून. चांगला गोंद नमुन्यात कशाला घालवायचा? तोवर तो आळत आला होता. कणा एक नंबर आहे."

"म्हणजे कण्याचा पुरावाच नाही."

"मी सांगतोय ते काय मग?"

"भाऊजी म्हणतात तर असेल," धाकटा म्हणाला. "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, ताई. पंख कापलास तर वर्ष गेलं."

"आणि नाही कापला तर?"

"मेलो तर तुम्ही दोघं बसा भांडत."

ताईने करवत उचलली. नवरा पंखापुढे आडवा उभा राहिला.

"भावासाठी माझी मेहनत कापतेस. मी उडवणार असतो तर?"

"तर एव्हाना कापून झाला असता. सरक."

तो सरकला. विमानाचा पंख कापताना आवाज दाराची फळी कापल्यासारखाच येतो. कण्याचा तुकडा निघाला, व्हाइसमध्ये गेला. धाकट्याने घाव घातला, पुन्हा घातला. शेवटी लाकडाच्या चिंध्या झाल्या. गोंदाची रेघ होती तिथेच होती.

"दिसलं?" नवरा म्हणाला. "चांगला होता."

"होता."

"मग काय मिळवलंस?"

ताईने करवत खुंटीला अडकवली. धाकटा अंगणात जाऊन स्पर्धेवाल्यांना फोनवर नाव काढायला सांगत होता. नवऱ्याने एप्रन काढून बाकावर फेकला. "पुढचा पंख तूच बांध," म्हणत तो बाहेर पडला.

ती लाकडाच्या थप्पीशी गेली. आखायला तिच्यासारखी कोणी नाही, पण लाकडाची पारख शून्य. तिने एक फळी ओढली, उजेडात धरली.

"ती नको," दारातून नवऱ्याचा आवाज आला. "रेषा तिरक्या आहेत तिच्या. हो बाजूला."