समुद्रावरच्या किल्ल्यातली खिडकी

“तो बंद आहे,” नीलांबरी म्हणाली आणि पोळीला तूप लावत राहिली. “भिंतीचे दगड सुटताहेत म्हणे. कुंपण घातलंय.”

टेबलापलीकडे स्वानंदीचा चेहरा उतरला. शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत स्कॉटलंडला जायचं, हा हट्ट तिचाच. एडिनबराचा किल्ला, होलीरूडचा राजवाडा, स्टर्लिंग, हे सगळं तिनं कबूल केलं होतं ते त्या एका पडक्या किल्ल्यासाठी. घरात त्याला ‘समुद्रावरचा किल्ला’ एवढंच म्हणत.

“राहू दे मग,” उल्हास मुलीला म्हणाला. “पुढच्या वेळी बघू.”

कुणी तपासून पाहिलं नाही. नीलांबरी खोटं बोलत नाही, हे हॉलंडमधल्या युट्रेख्टच्या त्या घरात गृहीत धरलेलं होतं.

उल्हासची पहिली बायको शर्मिला स्वानंदी सात वर्षांची असताना गेली. त्याच्या कितीतरी आधी, नवीन संसारात, ती दोघं स्कॉटलंडला गेली होती. त्या समुद्रावरच्या किल्ल्यातल्या एका खिडकीत उभी राहून शर्मिलानं नवऱ्याला सांगितलं, की दिवस राहिलेत, आणि मुलगी झाली तर नाव स्वानंदी ठेवायचं. पुढे ही गोष्ट ती लेकीला झोपवताना सांगायची. स्वानंदी आता चौदा वर्षांची होती. तिला त्या खिडकीत एकदा उभं राहायचं होतं.

नीलांबरी या घरात आली त्याला चार वर्षं झाली होती. शिकायला म्हणून हॉलंडमध्ये आलेली, मग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरून इथेच राहिलेली. वय निघून गेलं असं माहेरी सांगलीत सगळ्यांनी ठरवून टाकल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत उल्हास भेटला. माणूस चांगला होता. मुलगीही गुणी होती. स्वानंदी तिला नावानंच हाक मारायची, त्याबद्दलही तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शर्मिलाबद्दल. जिवंत बाई असती तर तिच्याशी निदान भांडता आलं असतं. शर्मिलाचं वय वाढणार नव्हतं, तिची आमटी कधी खारट होणार नव्हती, ती कुणावर कधी ओरडणार नव्हती.

पहिल्याच वर्षी माळा आवरताना साड्यांच्या खोक्यात नीलांबरीला एक फोटो सापडला होता. लाल स्वेटरमधली शर्मिला, मागे जिन्यालगतची दगडी खिडकी आणि समुद्र. तिनं तो होता तिथेच ठेवला, कुणाला सांगितलं नाही. पण घरात कुणी नसलं की काहीतरी निमित्त काढून ती माळ्यावर जायची.

एडिनबरात उतरल्यापासून उल्हास वेगळाच माणूस झाला. युट्रेख्टला संध्याकाळी दोन वाक्यांच्या पुढे न जाणारा हा माणूस किल्ल्याच्या चढावर हसत होता, हातवारे करत होता.

“इथे आम्ही वाट चुकलो होतो! आणि त्या तोफेपाशी काय वारा होता, आमची छत्री जी उडाली...”

“आईची?” स्वानंदी विचारायची आणि त्याच्या दंडाला लटकायची.

आम्ही इथे जेवलो. आम्ही तिथे भिजलो. नीलांबरी मागून तिघांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन चालत होती. चार वर्षांत उल्हासनं तिला ‘आपण’ पुष्कळदा म्हटलं होतं. आपण भाजी आणूया, आपण घराचा हप्ता वाढवूया. हे ‘आम्ही’ मात्र तिच्या तोंडावर दार लावून घेत होतं. होलीरूडच्या राजवाड्यात कुणा दुर्दैवी राणीचा पलंग बघताना बाकीचे प्रवासी हळहळत होते. तिच्या मनात आलं, या राणीला निदान सवत दिसत तरी असेल. मग स्वतःचीच लाज वाटून ती पुढच्या दालनात गेली.

स्टर्लिंगला स्वानंदी बाहेर तटावर फोटो काढत होती. तिकिटाच्या खिडकीवरच्या म्हाताऱ्या बाईंशी उल्हासच्या गप्पा रंगल्या. पूर्वी पाहिलेल्या किल्ल्यांचा विषय निघाला, समुद्रावरचा आता बंद झाला असं उल्हास म्हणाला, तेव्हा बाई म्हणाल्या, “तो? उघडा आहे की! मागच्या रविवारीच माझी बहीण जाऊन आली. अगदी व्यवस्थित आहे.”

उल्हासनं मान वळवून नीलांबरीकडे पाहिलं. मग तिकिटं घेतली आणि चालू लागला. अंगणात आल्यावर हळूच म्हणाला, “नीला, तुला नसेल जायचं तर नको जाऊया. स्वानंदीला मी सांभाळतो. बंदच आहे म्हणेन.”

त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला सोसलं असतं.

“तू नको खोटं बोलूस तिच्याशी,” ती म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की शेजारचं जपानी कुटुंब बघायला लागलं. ती तशीच तटावर गेली. “स्वानंदी, तो किल्ला उघडा आहे. मी खोटं सांगितलं होतं.”

“व्हाय?”

“मला तिथे यायचं नव्हतं.”

स्वानंदीनं तिच्याकडे पाहिलं.  मग मोबाइल खिशात टाकून भाड्याच्या गाडीच्या दिशेनं चालायला लागली.

किल्ला असा फारसा उरलेलाच नव्हता. छप्पर गेलेलं, आत गवत, आणि समुद्राकडच्या भिंतीला खिडक्याच खिडक्या. उल्हास मुलीचा हात धरून तरातरा निघाला, एका खिडकीपाशी थांबला. मग दुसरीपाशी गेला. “ही... नाही, थांब. वरची असेल.” जिना चढला, उतरला. दगडांवरून हात फिरवत राहिला.

“बाबा, यू डोन्ट रिमेंबर?” स्वानंदी रडवेली झाली.

“अगं, इतकी वर्षं झाली... सगळ्या सारख्याच दिसतात.” वाऱ्यानं त्याचे विरळ केस उभे राहिले होते. एकदम म्हातारा दिसला तो.

नीलांबरी खाली गवतात उभी होती. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. ती खिडकी मग कुणालाच सापडली नसती, अगदी त्याच्या ‘आम्ही’लासुद्धा. एक क्षण तिला त्यात गोडी वाटली, खोटं कशाला बोला.

“ती नाही,” ती ओरडून म्हणाली. “जिन्याच्या पलीकडची. खाली दगडी बाक असेल बघ, आणि उजव्या कडेला गंजाचा लांब ओघळ.”

स्वानंदी धावत वर गेली. बाक होता. ओघळही होता.

उल्हास बघतच राहिला. “तुला कसं...”

“फोटो आहे माळ्यावर. साड्यांच्या खोक्यात.” वर चढताना धाप लागली म्हणून ती जिन्यातच थांबली. “लाल स्वेटर आहे तिच्या अंगात.”

स्वानंदी खिडकीत उभी राहिली. मागे राखाडी समुद्र खळबळत होता. “आई कशी उभी होती?”

“उजव्या बाजूला रेलून. अजून थोडी. आणि डावा हात पोटावर.”

तो हातच नीलांबरीनं सगळ्यात जास्त वेळ पाहिला होता.

स्वानंदीनं हात पोटावर ठेवला. उल्हासनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दोघांना तिथेच सोडून नीलांबरी जपून, भिंत धरत, एकेक पायरी खाली उतरली.

परतीचं विमान हॉलंडच्या विमानतळावर उतरलं. स्किपोलला पासपोर्टच्या रांगा वेगळ्या झाल्या. बापलेकीचे पासपोर्ट डच, नीलांबरीचा अजून भारतीय. तिच्या हातातली बॅग स्वानंदीनं काढून घेतली आणि ती दोघं भराभर पुढे गेली. नीलांबरीची रांग लांबलचक होती. पुढे एक बाळ रडत होतं, मागे कुणीतरी हिंदीत फोनवर टॅक्सी ठरवत होतं. ती पुढे सरकत सरकत काचेशी पोहोचली.

अधिकारी तरुण होता. त्यानं पासपोर्टची पानं उलटली. “एकट्याच प्रवास करताय?”

“नाही. घरचे पुढे गेलेत.”

“कुठे?”

तिनं काचेपलीकडे बोट दाखवलं. सगळी गर्दी पुढे निघून गेली होती. उल्हास खांबाला टेकून उभा होता. शेजारी नीलांबरीच्या बॅगेवर मांडी घालून, सगळा भार टाकून स्वानंदी बसली होती आणि केळं खात होती.