खिडकीकडची ओळ

"काका, तो गोंदाचा डबा आधी बंद करा," मी दारातूनच म्हणाले. वास खाली माझ्या घरापर्यंत आला, तेव्हा हातातलं काम टाकून मी वर धावले होते. वेल्कोकाका गुडघ्यांवर बसले होते, शेजारी कार्पेटच्या चौकोनी तुकड्यांची चळत होती.

सवय हो, दुसरं काय. रूसे शहरात तीस वर्षं त्यांनी घरोघरी लिनोलियम चिकटवलं. त्यांनी चिकटवलेलं काढायला छिन्नी लागते. पण ही लाकडी जमीन देनाकाकूंची होती. अडतीस वर्षं दर शनिवारी मेण लावून, पायांना लोकरीच्या चिंध्या बांधून त्यांनी ती घासली. तिच्यावरच घसरून खुबा मोडून घेतला. उद्या त्या दवाखान्यातून घरी येणार होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात घसरडं नको. काकूंनी बजावलं होतं, गोंदाचा थेंब जरी लागला तरी मी विदिनला बहिणीकडे जाईन ती कायमची. काकू नुसत्या बोलणाऱ्यातल्या नाहीत.

आम्ही दोन्हीकडून चिकटणारी पट्टी कपाटाखाली लावून पाहिली. निघताना ती मेणाचा पापुद्रा घेऊन निघाली. मग काकांनी साधी रुंद पट्टी घेतली, चिकट बाजू वर करून दर चार तुकड्यांच्या जुळत्या कोपऱ्यांखाली सरकवली. तुकडे एकमेकांना धरून राहिले, जमिनीला नाही. कडा त्यांनी भिंतीला घट्ट भिडवल्या. ही लबाडी आहे, असं पुटपुटत त्यांनी झकास काम केलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कोट काढण्याआधी एक तुकडा उचलायला लावला. खालचं लाकूड नीट न्याहाळलं.

"किती दिवस हे?"

"तू म्हणशील तितके."

त्या राहिल्या. मला फार बरं वाटलं.

एक मार्चला, वसंत आला म्हणून आमच्याकडे बांधतात तो लाल-पांढरा दोरा दोघांच्या मनगटाला बांधायला मी वर गेले, तर काकू काठी टेकून उभ्या होत्या.

"वेल्को, खिडकीकडची ओळ काढ."

काकांनी काढली. लाकूड उन्हात चकाकलं. काकूंना धरायला त्यांचा हात आपसूक पुढे झाला.

"हात खिशात ठेव," काकू म्हणाल्या. "पडले तर बाहेर काढ."

काकांनी दोन्ही हात खिशात घातले. आवळलेल्या मुठी कापडातूनही दिसत होत्या. काकू उघड्या जमिनीवरून सावकाश खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.