कोरलचा गुलाबी फोटो

माह्या घरच्या हॉलमधे समुद्र हाय. हसू नका. यवतमाळात, दारव्हा रोडले, कूलरच्या बाजूले. आमचे हे, म्हणजे सुनील राठोड, जहाजावर फिटर हायेत. सहा-सहा महिने पाण्यावर राहतात, आन घरी आले का पुन्हा पाणीच घेऊन बसतात. मोठी काचेची टाकी, खारं पाणी, निळे लाइट, दोन नारंगी मासे, एक लाल कोळंबी आन मधोमध कोरल. दिसाले झुडूप, पण हे म्हणतात ते जनावर हाय. दगडाले चिकटलेलं, जागचं न हलणारं जनावर. मी म्हणलं, असन बाप्पा.

यंदा जहाजावर निघताना यायनं सासूबाईसमोर बोलून टाकलं, "हे कोरल उन्हाळाभर जगलं तर मी जहाज सोडतो, इथंच टाक्यायचं दुकान टाकतो. मेलं तर राहतो जहाजावरच."

सासूबाई, धुरपताबाई, नेरकडच्या तांड्यातून राहाले आल्या होत्या. "दगडापायी नोकरी सोडते काय हा भैताड?" त्या म्हणल्या. मी मनात म्हणलं, जग रे बाबा, काहीही कर पण जग. लग्न झाल्यापासून अर्धा संसार मी एकटीनं केला. मले माहा नवरा घरी पाहिजे होता, आन आता ते त्या जनावराच्या हाती होतं.

मे महिना लागला. यवतमाळचं ऊन तुमाले सांगाले नको. त्यात विजेची लाइन जाऊन राह्यली. पाणी तापलं, मी टाकीपुढं टेबलफॅन लावला, बर्फाच्या थैल्या सोडल्या. एक दिवस पाह्यलं तर कोरलचे शेंडे फिक्के.

जाताना यायनं सांगून ठेवलं होतं, "पांढरं पडलं म्हणजे मेलंच असं नाही. पण वरून हिरवी शेवाळ चढली, का समज संपलं." आता पांढरं कायले म्हणाव, हाच तर घोळ होता. निळ्या लाइटात ते जांभळं दिसे. टॉर्च मारला का पांढरं. ट्यूबलाइट लावला का राखेवानी. मोबाइलनं फोटो काढला का अख्खी टाकी निळीशार, मासेही निळे. मी सासूबाईले इचारलं, "याचा असली रंग कोणता होता वो?" त्या म्हणल्या, "मले काय माहीत? मी त्याच्याकडं पाह्यलं तरी कधी?" खरं सांगू, पाहून पाहून माह्याही ध्यानात राह्यला नव्हता.

यायचा मेसेज आला, "मोबाइलच्या फोटोत काही समजत नाही. रवीले बोलव, चांगल्या कॅमेऱ्यानं काढ."

रवी म्हणजे आमच्या लग्नाचा फोटोग्राफर. आला, टाकी पाहून चाट पडला. पंप बंद करा म्हणला, पाणी हलते. पंखा बंद करा, पडदे ओढा. काचेत त्याचंच तोंड दिसे म्हणून माही काळी ओढणी अंगावर घेऊन बसला. घामानं निथळून गेला बिचारा. कोळंबी मात्र अशी समोर येऊन मिशा हलवून राह्यली, जशी तिचीच हळद हाय. रवी म्हणला, "वहिनी, हिले पोज देता येते. तुमच्या कोरलले मान वर करा म्हणाव तर मानच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो परस्पर यायलेच पाठवला. माह्या मोबाइलवर यायचा मेसेज आला, "वा! काय टवटवीत हाय! हात लावू नको." संग फोटो. कोरल गुलाबी. असं गुलाबी, जसं नवरीच्या गालाले लावते. मी मोबाइल टाकीजवळ धरला. इकडं पाहा, तिकडं पाहा. माहं डोकं भनभनलं. चष्मा पुसून पाह्यला. गुलाबीचं नाव नाही.

रवीले फोन लावला. "अरे, केलं काय तू?"

"काही नाही वहिनी, थोडा सेट केला. फिक्कट चेहरा तसाच देला तर गिऱ्हाईक भांडते आमच्या लायनीत."

"ते नवरी हाय काय? खरा फोटो पाठव!"

"खरा कोणता पाठवू?" तोही कावला. "कॅमेऱ्यातला तर निळा हाय. निळा काढला का पांढरा होते. पांढऱ्यात थोडा जीव टाकला का गुलाबी. तुमीच सांगा, खरा कोणता?"

आता काय सांगता! मी फोन आपटला. यायले कळवाव, तर शब्द जुळेना. डोये खोटे का फोटो खोटा, मलेच समजेना. आज सांगते, उद्या सांगते, करता करता एका सकाळी लाइट लावला तर कोरलच्या बुडाशी हिरवं. मी नख लावून पाह्यलं. शेवाळ होती. मी तिथंच फरशीवर बसली आन रडली. जनावरासाठी नाही, माह्यासाठी.

त्याच दुपारी यायचा फोन. आवाजातच हसू. "उज्ज्वला, राजीनामा देला. पुढच्या महिन्यात येतो, कायमचा."

अशी खुश झाली मी, अशी खुश झाली, आन दुसऱ्या क्षणी नजर टाकीकडं गेली. पण खोट्यावर बोलावून घेऊ कसं? म्हणलं, "ऐका. ते मेलं. फोटोतला रंग रवीनं भरला होता."

हे म्हणले, "माहीत हाय. ते खाकी होतं. गुलाबी कधीच नव्हतं. फोटो पाह्यल्याबरोबर समजलं मले."

"मंग राजीनामा कायले देला?"

"मले घरी यायचं होतं. तुह्याजवळ. याडीसमोर, मायसमोर, असं कसं म्हणाव? लाज वाटली. म्हणून कोरलचं नाव केलं."

घ्या! सारा उन्हाळा मी त्या दगडापुढं हात जोडून काढला, बर्फ ढकलला, आन हा माणूस! इतका राग आला, इतका राग आला, का रडूच फुटलं. "या तुमी घरी, मंग दाखवते," म्हणलं आन फोन ठेवला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय म्हणते सुनील?"

"येऊन राह्यले. कायमचे."

"म्हणजे जगलं ते?"

त्यायनं टाकीकडं पाह्यलं. हिरवी शेवाळ तिथूनही दिसत होती. मीही पाह्यलं.

"हो," मी म्हणलं, "जगलं."