सूर्य अडवणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि सूर्य मला घाबरतो. ही बढाई नाही. बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर मी इतकी वर्षं लटकतोय, पण एका किरणाची मला ओलांडायची हिंमत झालेली नाही. निदान मे अखेरच्या त्या सकाळपर्यंत माझी तशी समजूत होती.

जन्म माझा बेंगळुरूजवळच्या आनेकलचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात कापडाचे तीन थर एकावर एक बसवून मला शिवलं. दुकानदारानं मला उलगडून माझ्यामागे बॅटरी लावून दाखवली आणि म्हणाला, "बघा मॅडम, काही दिसतंय?" मॅडमना काही दिसलं नाही. तेवढ्यावर माझं लग्न जमलं.

त्या मॅडम म्हणजे संयोगिता. पुण्याहून लग्न करून इथे आलेल्या. नवरा अभिमन्यू, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. दोघंही घरून काम करायची आणि दोघांच्याही स्क्रीनवर ऊन यायचं. म्हणून बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या आत मला लावलं. मग काय विचारता! "काय मस्त पडदा आहे!" असं प्रत्येक पाहुणा म्हणायचा. भरदुपारी घरात दिवे लागायचे. मी पंख्याच्या वाऱ्यावर नुसता फुगून जायचो.

त्याच अंधारात त्यांची मुलगी भूमिका मोठी झाली. शाळेची बस बंद काचांची, ट्यूशन तळघरात, खेळ मोबाइलवर. क्रिकेट तर ती असं खेळायची की फक्त अंगठा दमायचा. हळूहळू तिचे पाय दुखायला लागले. जिना चढताना ती मधेच बसायची. फ्रॉक लांबीला पुरायचा, पोटावर पुरायचा नाही. "वाढीचं वय आहे," असं म्हणत अज्जी, म्हणजे अभिमन्यूची आई सकवारबाई, तिला आणखी एक केसरीबात, म्हणजे इथला केशरी शिरा, वाढायच्या.

शेवटी रक्त तपासलं. बनशंकरीच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी मूळच्या बेळगावकडच्या, मराठी फक्कड बोलणाऱ्या. व्हिडिओ कॉलवर आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "का हो, तुमच्याकडं रात्र आहे का?"

सकाळचे अकरा वाजले होते.

"नाही डॉक्टर, मागे आमचा पडदा आहे," अभिमन्यू अभिमानानं म्हणाला.

"तरीच! मुलीचं व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय. आणि साखर बघा, रेषेला टेकलीय. या दोन्हींचं आपसात नातं असतंय. पोटाभोवती चरबी साठली की डी त्या चरबीतच जाऊन बसतंय, रक्तात फिरत नाही. पण एकाला धरलं की दुसरं आपोआप जाग्यावर येईल, असंही नाही. औषध देते. ऊन द्या. गोड कमी करा. आणि पोरीला पळू द्या हो! तीन महिन्यांनी परत रक्त बघू. साखर रेषेच्या पलीकडं गेली तर मग वेगळं बोलावं लागंल."

'वेगळं' म्हणजे काय, हे भूमिकाला कुणी सांगायची गरज नव्हती. अज्जींना साखर होती. रोज सकाळी अभिमन्यू त्यांच्या बोटाला सुई टोचायचा आणि भूमिका माझ्या घड्यांत तोंड खुपसून उभी राहायची. त्या दिवशीही ती आली आणि मला घट्ट धरून हळूच म्हणाली, "मला नको ती सुई." तिचे हात थंडगार होते. मित्रांनो, सूर्याला हरवल्याचा माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

दुसऱ्या दिवशी मला बाजूला सारून दोरीनं बांधून टाकलं. काचेच्या आत चटई घालून भूमिकाला उन्हात बसवलं. काच मात्र बंदच, कारण उघडली की कबुतरं सोफ्यावर येतात.

"उन्हात बसायचं म्हणजे पोटात काहीतरी हवं," असं म्हणत अज्जींनी तिच्यापुढे खाराबात, म्हणजे तिखट उपमा, ठेवला. शेजारी केसरीबात.

"आई, गोड नको म्हणाल्यात ना डॉक्टर!" संयोगिता म्हणाली.

"स्वल्प आहे गं. उन्हात जिरतं."

भूमिका चटईवर बसून खायची, मोबाइल बघायची. मी कोपऱ्यात बांधलेला, नुसता तळमळायचो. ऊन आत येतंय, पोरीच्या अंगावर पडतंय, मग पाय का दुखतायत अजून?

महिन्याभरानं डॉक्टरांचा पुन्हा कॉल आला. संयोगितानं कौतुकानं मोबाइल फिरवून चटई दाखवली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, काचेतून ऊब येते, डी नाही येत! त्यासाठी लागणारे किरण काचेतच अडतात."

म्हणजे बघा! इतकी वर्षं मी सूर्याला अडवतोय असं समजत होतो, आणि ते खरं काम माझ्या मागची काच करत होती. एक महिना आरोपी म्हणून कोपऱ्यात बांधलं, आणि गुन्हासुद्धा माझा नव्हता. मला धड आनंदही होईना.

मग ठरलं, शाळेतून आल्यावर गच्चीवर जायचं. अज्जींचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. "उन्हात ठेवायची म्हणजे पोरगी काळी पडेल की रे, अभी!"

"अम्मा, ऊन घ्यायलाच चाललीय ती."

"सरी, सरी, बरं. घेऊ दे की. पण सावलीत बसून घेऊ दे."

आणि मित्रांनो, त्यांनी मला दांडीवरून उतरवलं. गच्चीवर नेलं, दोन टोकं सोलर हीटरच्या पायांना आणि दोन टोकं कपड्यांच्या दोरीला बांधली आणि पोरीच्या डोक्यावर माझा मांडव घातला. डोक्यावर टोपी, हातांवर पूर्ण बाह्या, तोंडाला पांढरं क्रीम, वरती मी! अशी सगळी तयारी करून भूमिका ऊन खायला बसली.

आयुष्यात पहिल्यांदा मी काचेशिवाय सूर्य पाहिला. पाठ भाजत होती, पण लाज त्याहून जास्त वाटत होती. तीन महिन्यांतला एक महिना असाच वाया गेला होता. माझ्याखाली ती पोर गुडघे चोळत बसलेली, आणि मी तिचं औषध वरच्या वर अडवतोय! मी ताणलो, फडफडलो, गाठी सोडवायला धडपडलो. पडद्याची धडपड ती किती असणार? पण आषाढाचा वारा सुटला होता. एक गाठ सुटली, मग दुसरी, आणि मी उडालो तो थेट असोसिएशनचे सेक्रेटरी हयवदन यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर.

"अय्यो! माझे सांडगे!" हयवदन ओरडले.

भूमिका टोपी टाकून माझ्यामागे धावली. मी पाण्याच्या टाकीकडे, ती टाकीकडे. मी हीटरमागे, ती हीटरमागे. शेवटी तिनं माझ्यावर झडप घातली आणि धापा टाकत हसत सुटली. इतक्या वर्षांत तिची धाप मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला बांधायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. "अज्जी, तू बस. मी बांधते." तिनं ज्या गाठी मारल्या, त्या गाठी नव्हत्याच. वारा आला की मी सुटायचो आणि ती मागे पळायची. वारा नसला तर मला खांद्यावर पांघरून पळायची. हळूहळू इमारतीतली बाकीची मुलंही वर यायला लागली. मला ओढलं, तुडवलं, माझ्यावरून रस्सीखेच केली. माझे तीन थर तीन दिशांना गेले. अज्जी खाली बसून "काळी झाली गं, काळी झाली" म्हणत राहिल्या. पण केसरीबात आता फक्त सणाला व्हायचा.

रिपोर्ट आला तेव्हा भूमिकानं डोळे मिटून माझी चिंधी मुठीत धरली होती. डी वर चढलं होतं. साखर रेषेपासून मागे सरकली होती.

"पण थांबायचं नाही हं," डॉक्टर म्हणाल्या. "हे असंच चालू राहिलं तरच टिकंल."

"म्हणजे पळायचंच ना? सुई नाही ना?" भूमिकानं विचारलं.

"पळायचंच."

मित्रांनो, मी आता फाटलोय, माझ्यातून सगळं आरपार दिसतं. म्हणून एवढंच सांगतो. पडदे सरकवा, काचा उघडा, आणि त्यावर न थांबता बाहेर या. तुमच्या वाटणीचं ऊन तुमच्याऐवजी दुसरं कुणी घेऊ शकत नाही. आणि मोठ्यांनी मायेनं तुमच्या डोक्यावर काही धरलंच, तर गाठ जरा सैल मारा.

एवढी मुलं रोज गच्चीवर उन्हात भाजतात हे बघून हयवदन यांचं मन द्रवलं. त्यांनी मीटिंग बोलावली, ठराव एकमतानं पास झाला, आणि सोमवारी मुलांच्या सोयीसाठी पूर्ण गच्चीवर पत्रे टाकण्यात आले.