सहा माणसांची लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जाळीच्या सरकत्या दाराची, करकरणारी. सध्या भंगाराच्या आवारात मोडक्या कपाटांशेजारी उताणी पडले आहे. जिचा सगळा जन्म वर-खाली करण्यात गेला तिला उताणं पडावं लागलं, की वर कुठे आणि खाली कुठे हेच समजेनासं होतं. पण आठवणी मात्र जागच्या जागी आहेत.

माझी जमीन लाकडी फळ्यांची होती, पाठीला आरसा होता आणि डोक्यावर पितळी घंटा. माझ्यात सहा माणसं मावत. सातव्याने पाय ठेवला की घंटा वाजे आणि कोणीतरी उतरेपर्यंत मी जागची हलत नसे. जिना माझ्याभोवती वळसे घेत वर जाई. जाळीतून मला त्यावरची माणसं दिसत आणि त्यांचं बोलणं विहिरीत घुमावं तसं माझ्या पोकळीत घुमे.

पाचव्या मजल्यावर नकाशे काढणारं एक कार्यालय होतं. तिथली माणसं भली होती, हे मी आधीच सांगते. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आजारी माणसाची विचारपूस करणारी, एकमेकांच्या पोरांचे निकाल पाठ असणारी माणसं. मला नवं तेलपाणी झालं तेव्हा त्यांनी माझंसुद्धा कौतुक केलं होतं.

तरीही माझ्यात एक कोपरा होता. आरशाच्या डाव्या बाजूचा. घंटा वाजली की सगळ्यांची तोंडं त्या कोपऱ्याकडे वळत. तिथे कधी तोतरं बोलणारा निरोप्या उभा असे, कधी वेगळ्या धाटणीचं बोलणारी एक लेखनिक. कोणी त्यांना "उतरा" म्हणत नसे. नुसतं बघत. मग तो किंवा ती हसून उतरे, घंटा थांबे आणि मी वर जाई. पुढे ती माणसं कार्यालयातूनच दिसेनाशी झाली. कुठे गेली, कोणी विचारलं नाही. मीही विसरले.

मग नवी आली. तिला नाव होतं, पण सहा महिने होत आले तरी सगळे तिला 'नवी'च म्हणत. तिला ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं समजून घेई आणि जाडसर, सपाट आवाजात उत्तर देई. कार्यालयातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई, ज्यांना सगळे माई म्हणत, त्यांनी पहिल्या दिवशी तिला जवळ घेतलं होतं. "आपलीच समज हो," त्या म्हणाल्या होत्या. खोटं नव्हत्या बोलल्या.

दुसऱ्याच सकाळी माझ्यात सहा जण उभे असताना रोखपाल आला. पोट हातभर पुढे, माणूस त्याच्यामागून. त्याने पाय ठेवला, घंटा वाजली आणि सगळी तोंडं कोपऱ्याकडे वळली. पहिलं तोंड माईंचं होतं. नवीला घंटा ऐकू आली नाही, पण ती उतरली.

रोज हेच होऊ लागलं. पाच मजले चढून ती पोचे तेव्हा वर कामाची वाटणी सुरू झालेली असे. तिला मागे उभं राहावं लागे आणि मागून प्रमुखांचे ओठ दिसत नसत. मग नदीच्या जागी रस्ता काढला जाई. "चित्त नाही हिचं कामात," प्रमुख एकदा माझ्यातच माईंना म्हणाले. "महिनाअखेरीला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते ठरवावं लागेल."

एके दिवशी ती मुद्दाम लवकर आली. मी रिकामी होते. ती आत शिरली, आपल्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिने आरशात पाहिलं. घंटा वाजली नव्हती, दुसरं चिटपाखरू नव्हतं. तरी तिचा चेहरा एकदम पडला. ती दार सरकवून बाहेर पडली आणि जिना चढू लागली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्यात आली नाही.

मित्रांनो, इथून पुढचं मला आजही उलगडलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी रोखपाल धरून माझ्यात बरोबर सहा जण होते. दार लागलं आणि घंटा वाजू लागली. सवयीने सगळी तोंडं कोपऱ्याकडे वळली. कोपरा रिकामा होता. तरी ती माणसं त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, कोणीतरी उतरेल म्हणून वाट बघत. आणि माझ्या फळ्यांना तिथे ओझं लागत होतं. दोन पावलांचं, टाचा जरा उचललेल्या. नवी तशीच उभी राहायची.

शेवटी निवृत्तीला आलेला एक म्हातारा नकाशाकार घसा खाकरत उतरला. घंटा थांबली. वर जाईपर्यंत आरशात कोणी पाहिलं नाही.

दुरुस्तीवाला आला. त्याने सहा माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या माझ्यात रचल्या. मी गप्प. "हिच्यात काही खोट नाही," तो हात पुसत म्हणाला. "तुमच्यातच कोणी जड झालं असेल." सगळे रोखपालाकडे बघून हसले. पण दुसऱ्या दिवशी सहा जण आत शिरले आणि घंटा पुन्हा वाजली. आता नजर एका जागी ठरेना. कधी ती मळक्या कोटावर जाऊन बसे, कधी चष्मा फुटलेल्या मुलीवर. ज्याच्यावर पडे तो मान खाली घालून उतरे. माणसं जीव मुठीत धरून माझ्यात शिरू लागली.

आणि एका सकाळी नजर माईंवर पडली.

माई चपापल्या. "मी?" त्या म्हणाल्या. सगळे नुसतं बघत राहिले. माई उतरल्या आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या. बाकीच्यांना वर सोडून मी खाली आले, तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या वळणावरून आवाज घुमत आला.

"रोज जिन्याने येतेस, होय गं?" माईंना धाप लागली होती.

"घंटा वाजते ना," नवी म्हणाली.

"तुला ऐकू येते?"

"घंटा नाही. तोंडं दिसतात."

मग माई म्हणाल्या, "लवकर येऊन एकटी बसत जा की मग."

"बसले होते. आरशातली पण तशीच बघत होती."

माईंना रडू आलं. "पहिलं मीच बघितलं असणार गं," त्या म्हणाल्या. "मला कळलंसुद्धा नाही."

दुसऱ्या सकाळी माई नवीचा हात धरून सगळ्यांत आधी आल्या. नवी कोपऱ्यात गेली आणि तिची पावलं त्या दोन पावलांवर बरोबर बसली. मागून चौघे आले. रोखपालाने पाय उचलला, तशी सगळी तोंडं कोपऱ्याकडे वळू लागली.

"तिकडे काय बघता?" माई कडाडल्या. "शेवटी कोण आलं ते बघा."

रोखपाल कानापर्यंत लाल झाला आणि त्याने पाय मागे घेतला. "मी थांबतो. लिफ्ट काय पळून जाते का!"

दार लागलं. आत सहा जण होते. सगळे श्वास रोखून वर घंटेकडे बघत होते. ती वाजली नाही.

नवी त्या दिवशी कामाच्या वाटणीला सगळ्यांच्या पुढे उभी राहिली, असं मी परतीच्या खेपेला ऐकलं. महिनाअखेरीला ती कायम झाली. तिचे केस पांढरे झाले तोवर मी तिला वर-खाली नेलं. एखादं बिचकलेलं पोर कामावर नवं आलं आणि घंटा वाजली, तर तोंडं वळायच्या आत तीच उतरून मोकळी होई.

मग माझ्या जागी दुसरी लिफ्ट आली. माझी घंटा कोणीतरी शोभेला घेऊन गेलं. मला न्यायला चार हमाल आले. त्यांनी जोर लावून मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"रिकामीच आहे ना रे?" एकाने विचारलं.

"रिकामीच आहे. बघ की आत."

"मग या कोपऱ्याला एवढी जड का लागते?"

नवी तर परत आली होती, मित्रांनो. निरोप्या आणि ती लेखनिक आली नव्हती. हमालांना मी ते सांगितलं असतं, पण घंटा नसलेल्या लिफ्टला कोण ऐकणार? म्हणून तुम्हाला सांगते. उद्या तुम्ही कामाला लागाल, कुठल्यातरी खोलीत दाटीवाटीने उभे राहाल आणि घंटा वाजेल. तेव्हा कोपऱ्याकडे बघू नका. आधी आपल्या पायांकडे बघा.