घरी पडले म्हणून सांगा

माणिक घाडीचा उजवा हात बँडेजमध्ये गेला त्याला पाच आठवडे होत आले होते, तरी पहाटे साडेपाचला तिला जाग यायची ती यायचीच. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरउतारावर त्यांची एक खोली होती. मोठी मुलगी स्टोव्हला पंप मारून द्यायची, माणिक डाव्या हाताने चहा करायची आणि कप घेऊन दारात उभी राहायची. सहाच्या सुमारास खालच्या वाटेने कामाला जाणाऱ्या बायका निघायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. त्यांचं बोलणं-हसणं वळणापर्यंत ऐकू यायचं, मग वाट रिकामी व्हायची. माणिक तिथेच उभी असायची. पुढचा अख्खा दिवस तिला नको वाटायचा.

तिचा नवरा धाकू लालबागच्या गिरणीत सतरा वर्षं होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही. तेव्हापासून तो एका सोसायटीत वॉचमन होता. त्या पगारात दोन मुलींचं शिक्षण आणि घर भागेना, म्हणून माणिक साकीनाक्याजवळच्या एका कारखान्यात लागली. तिथे पत्र्याचे डबे आणि त्यांची झाकणं बनत. घराबाहेर कधी काम न केलेली ही बाई वर्षभरात प्रेस मशीनवर अशी बसली, की नव्या मुलींना तिच्या शेजारी शिकायला बसवायचे. पाय पट्टीवर, पत्रा साच्यात, हात बाहेर. दुपारी पुठ्ठे अंथरून सहा-सात जणी गोल बसायच्या आणि एकमेकींच्या डब्यातली भाजी वाटून घ्यायच्या. पगारपत्रकावर तिचं स्वतःचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती कोणाची तरी बायको किंवा आई म्हणून नव्हे, माणिक म्हणून ओळखली जात होती.

आणि श्रावणातल्या एका दुपारी पट्टी एकदाच दाबली तरी प्रेस एकदा पडायचं ते दोनदा पडलं. तर्जनी आणि मधलं बोट पेरापासून गेलं.

हात आत जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडाला पूर्वी जाळी होती. दिवाळीच्या मालाची घाई म्हणून महिन्याभरापूर्वीच ती काढून ठेवली होती. सुपरवायझर चंद्रप्रकाशने माणिकला टॅक्सीत घातलं. अपघाताची नोंद होईल म्हणून कामगार विम्याचं इस्पितळ टाळून त्याने तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं. बिल शेठने भरलं. तिसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश घरी आला तो मोसंबी घेऊन.

"माणिकबाई, शेठ बोलले, काही काळजी करू नका. हात बरा झाला की या. तुमची जागा कुठे जात नाही." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "फक्त कोणी विचारलं तर घरी पडले म्हणून सांगा. उगाच इन्स्पेक्टर येणार, मशीन बंद, मग सगळ्याच बायकांची वाट लागणार."

त्याने रजेचा अर्ज लिहून आणला होता. घरगुती कारणासाठी बिनपगारी रजा. माणिकने त्यावर डाव्या हाताचा अंगठा दिला.

तिला फसवलं जातंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण 'जागा कुठे जात नाही' हे चार शब्द तिने घट्ट धरून ठेवले होते. ती गप्प राहिली तर तिला परत बोलावतील. बोललीच तर कारखान्याचं दार कायमचं बंद. खोलीत बसून बसून तिला त्या पुठ्ठ्यांवरच्या जेवणाची, मशीनच्या धडधडीची, अंगाला लागलेल्या तेलाच्या वासाचीसुद्धा आठवण यायची. मुलींच्या शाळेची फी थकली, वाण्याने उधार बंद केलं, तरी कोणी विचारलं की ती म्हणायची, "मोरीत पाय घसरला."

एका रविवारी सकाळी राधाबाई आली. कारखान्यात ती माणिकच्या शेजारच्या प्रेसवर बसायची. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. डाव्या हाताची करंगळी तिला नव्हती. लहानपणी गावाला कोयत्याने तुटली, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

चहा झाल्यावर माणिकने विचारलं, "मावशी, माझ्या प्रेसवर सध्या कोण बसतं?"

"तेच सांगायला आले. तिसऱ्या दिवशीच नवीन मुलगी बसवली. कायम केलीय तिला."

तिने बँडेजचा हात दुसऱ्या हातात धरला. चंद्रप्रकाश मोसंबी घेऊन आला तोही तिसराच दिवस होता.

"शेठ बोलले होते ना..." एवढंच ती पुटपुटली.

राधाबाईने आपला डावा हात तिच्यापुढे धरला. "ही बघ. कोयता वगैरे काही नाही गं. बावीस वर्षांची होते, कांजूरला एका कारखान्यात. प्रेसमध्येच गेली. मलाही सांगितलं, घरी पडले म्हणून सांग, जागा ठेवतो. मी चार महिने वाट बघितली. रोज वेणीफणी करून बसायचे, आज निरोप येईल, उद्या येईल. निरोप आलाच नाही. आणि खोटं एकदा बोलले ते तोंडात बसलं. तुम्हाला सगळ्यांना आजवर कोयताच सांगत आले."

चार वर्षं त्या दोघी शेजारी बसल्या होत्या. माणिकला तिच्याकडे बघवेना.

"आता मी काय करू?"

"विम्याचं कार्ड आहे ना तुझ्याकडे? दर महिन्याला पगारातून त्याची कपात होते ना? ती कशासाठी? कामावर इजा झाली तर घरी बसल्या दिवसांचे पैसे मिळावेत म्हणून. जा आणि माग."

दारात बसलेला धाकू इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "कित्याक त्या भानगडीत पडायचा? आमी गिरणीत एवढे लढलो, काय मिळाला? आणि सरकारच्या दारात हात पसरायचे म्हणजे भीकच ती."

राधाबाई त्याच्याकडे वळली. "धाकूभाऊ, गावच्या पतपेढीत तुम्ही पैसे टाकलेत आणि अडचणीला काढायला गेलात, तर ती भीक होईल का?"

"ता वेगळा."

"वेगळं काही नाही. हिने घाम गाळून भरलेत. बोटं गेली ती गेलीच, हक्कही सोडायचा? तुमच्या मुलींनी उद्या विचारलं, आईचा हात कसा गेला, तर त्यांनाही मोरीच सांगणार?"

धाकू चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला. शेवटी म्हणाला, "उद्या माझी सुट्टी हा. मी येतंय वांगडा, एकटी जाव नको."

विम्याच्या ऑफिसात खिडकीमागे विद्याधर नावाचे कारकून बसले होते. माणिक उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडून सवयीने निघालं, "साहेब, मी घरी..." ती थांबली. मागे धाकू उभा होता. "नाही साहेब. कारखान्यात. प्रेसवर."

विद्याधरांनी मान वर केली. "कारखान्याने अपघाताचा रिपोर्ट पाठवलाय का?"

"नाही. त्यांनी रजेच्या अर्जावर अंगठा घेतला."

"असू दे. तुम्ही स्वतः कळवलंत तरी चालतं. मी लिहून घेतो. कोणी बघितलं होतं?"

माणिक घुटमळली. साक्ष देणारीची नोकरी जाऊ शकते हे तिला माहीत होतं. पण 'माझं नाव सांग' असं राधाबाईने आदल्या दिवशीच बजावलं होतं, म्हणून तिने राधाबाईचं नाव सांगितलं.

"आता विम्याच्या पॅनलवरच्या डॉक्टरांकडे जा, हात दाखवा आणि सर्टिफिकेट आणा. आणि एक लक्षात ठेवा बाई, हे पैसे मिळतायत तोवर मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही. कायद्यातच आहे." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की माणिकला आधी खरंच वाटेना. पाच आठवडे ती ज्या भीतीपायी गप्प बसली होती, तिला असं उत्तर होतं!

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. फेऱ्या माराव्या लागल्या. इन्स्पेक्टर कारखान्यात आला तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाला, आपल्याला काही ठाऊक नाही. राधाबाईने सगळ्यांसमोर सांगितलं, जाळी कधी काढली, प्रेस कसं पडलं. मग तिच्या मागून आणखी दोघी बोलल्या. शेवटी चंद्रप्रकाशनेही खाली मान घालून जबानीवर सही केली. जाताना तो राधाबाईला म्हणाला, "मलापण घरी दोन पोरं आहेत हो." ती म्हणाली, "म्हणूनच सांगते, जाळी लाव." राधाबाईला पुढे दोन महिने पत्र्याच्या गठ्ठ्यांची ओझी उचलायला लावलं. तिने ती उचलली.

घरी बसल्या दिवसांचे पैसे माणिकला मिळाले. दिवाळीआधी मुलींची फी भरली गेली. नंतर डॉक्टरांच्या बोर्डाने हात तपासला आणि कायमच्या अपंगत्वाचा मासिक भत्ता बांधून दिला. फाल्गुनात ती कामावर परतली, पण प्रेसवर नाही. आता ती गोदामात झाकणं तपासते. अजूनही मशीनचा आवाज कानावर आला की तिचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जातो, आणि नसलेली दोन बोटं पत्रा पकडायला निघतात. गेलेलं परत येत नाही, ही हुरहुर कुठलंही ऑफिस भरून देत नाही. मात्र हात कसा गेला असं कोणी विचारलं, तर ती आता खरं सांगते. राधाबाईही सांगते.

मंडळी, आपल्या आजूबाजूच्या कारखान्यांत, वर्कशॉपांत असे कितीतरी हात आहेत. इजा झाली तर त्याच दिवशी तिची नोंद करायला लावा. कोऱ्या किंवा खोट्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. पगारातून काय कापलं जातं आणि कशासाठी, हे विचारायला लाजू नका. हक्काची मदत मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. आणि शेजारचं कोणी हात गळ्यात बांधून गप्प बसलं असेल, तर ते आपण होऊन सांगेल याची वाट बघत राहू नका. राधाबाई गेली तसे एखाद्या रविवारी त्याच्या दारात जा.