एका अक्षरातली एकतीस पानं

सन दोन हजार एक. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सोयाबीनचं बियाणं निवडायच्या हॉलमध्ये आम्ही एकतीस बायका टेबलं सोडून फरशीवर बसलो होतो आणि पुण्याहून आलेल्या नीलम मॅडम एकेकीला कागद वाटत होत्या.

"यावर नाव लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "कोणी काय सांगितलं ते मलासुद्धा कळणार नाही. म्हणून मोकळ्या मनानं लिहा."

मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या. माणसं कामावर खूश असली की काम जास्त होतं, असं कंपनीच्या मालकांना कुणीतरी पटवलं होतं. म्हणून मॅडमना सेनगाव रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात पाठवलं होतं. कागदावर पाच तोंडं काढलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. खाली एकच प्रश्न : कामावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? त्याखाली चार कोऱ्या रेघा.

आम्हाला संकोच नको म्हणून मॅडम ऑफिसात जाऊन बसल्या. त्या गेल्या आणि धर्मसिंग वॉचमननं नेहमीसारखी हॉलला बाहेरून कडी लावली.

"तोंडावर फुली मारता येईल गं," तांड्यावरची जिवनबाई म्हणाली. "पर ह्या रेघांवर काय करू? रांगोळी काढू?"

सगळ्या हसल्या. लिहिता येणारी मी एकटीच होते, सातवी पास. तांड्यावर काय नि आमच्या वस्तीत काय, ज्याला येतं त्यानं बाकीच्यांचं लिहून द्यायचं, हे इतकं सवयीचं होतं की मॅडमना विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"करुणे, माझं लिही," सोजराबाई सरकून जवळ आल्या. "लिही, कडी. मला साखरेची बिमारी हाय. घडीघडी जावं लागतं. धरमसिंग उघडत न्हाई. दोनदा लुगडं खराब झालं माझं. आता पानी पिनंच सोडलं म्हनाव."

"माझं बी कडीच," जिवनबाई म्हणाली. "लेकरू तापानं फणफणलं तरी निरोप आत येत न्हाई. आन आत आग लागली तं काहून मरायचं आमी?"

अशी एकतीस पानं मी भरली. कडी सगळ्यांत होती. पण ज्या बाईनं जसं सांगितलं तसंच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर साहेबांनी पानं टेबलावर पसरली होती. बाजूला मॅडम.

"हे सगळं तुमचं अक्षर आहे, बाई."

"व्हय साहेब. लिहिलं मी, बोलल्या त्या."

"मग सांगा. साखरेची बिमारीवाली कोण? हे लेकराचं कोणाचं? एकेकीला बोलावून बराबर विचारतो."

त्या विचारण्याचा अर्थ मला ठाऊक होता. आम्ही हंगामी बायका. आदल्या वर्षी एकीनं आतून दार बडवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परत पाठवलं.

"नाव सांगायचं नसेल तर लिहून द्या," साहेब म्हणाले, "की हे सगळं तुम्हीच मनानं लिहिलं."

मी मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तुमी म्हनल्या होत्या, नाव लागनार न्हाई."

"करुणाताई, एकाच हातानं लिहिलेले कागद आमच्या शास्त्रात एकाच माणसाचं मत धरतात," त्या हळू म्हणाल्या. "त्या स्वतः येऊन बोलल्या, तरच मला काही करता येईल."

नाव सांगितलं तर सोजराबाईंचं काम जाणार. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. सही केली तर त्यांनी सांगितलेलं सगळं खोटं ठरणार आणि कडी आहे तशीच राहणार. मी सही केली.

आता मला काढतील असं वाटलं होतं. पण मॅडमनी माझ्यादेखत साहेबांना सांगितलं, "तक्रार करणाऱ्याला जबाबदारी द्यावी, म्हणजे तो आपला होतो." माझं भलं करतो आहोत, असंच त्यांना वाटत होतं.

सोमवारी धर्मसिंगला फाटकावर पाठवलं आणि हॉलच्या दाराबाहेर माझ्यासाठी स्टूल ठेवलं. कडी माझ्या हातात आली. सोबत एक वही : कोण बाहेर गेली, कशाला, किती वेळ.

"राज आलं आपलं!" जिवनबाईनं आतून हाक मारली. "उघड करुणे, तंबाखू खाऊन येते."

मी उघडलं. वहीही उघडली.

"हे काय?"

"नाव लिहावं लागतं गं."

"आमचं नाव सांगायचं नव्हतं म्हनून सही केली ना तू?"

"व्हय."

"मंग?"

मी पेनाचं टोपण काढलं. ती आल्या पावली आत गेली.

सोजराबाईंना मी तीन दिवस न लिहिता सोडलं. चौथ्या दिवशी कळलं की बाहेर येणाऱ्या बायका धर्मसिंगला फाटकावरून मोजायला सांगितलं होतं. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर दोघींनीही यायचं नाही. मी ते सोजराबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं." त्यानंतर त्यांनी दार वाजवलं नाही. हळूहळू बाकीच्याही अगदीच अडलं तर वाजवू लागल्या. बाहेर जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं मॅडमच्या अहवालात आल्याचं साहेबांनी मला कौतुकानं सांगितलं.

माझ्या दोन मुली शाळेत होत्या. त्या स्टुलावर मी सात हंगाम काढले.

कारखाना दोन हजार आठला बंद पडला. हॉलचं आता गोदाम झालं आहे. मॅनेजर साहेब त्याआधीच बदलून गेले, पुढचं माहीत नाही. धर्मसिंग तांड्यावर जाऊन शेती करू लागला. दोन वर्षांपूर्वी सेनगावच्या बाजारात भेटला, तेव्हा त्यानंच आधी नमस्कार केला. मॅडम मोठ्या कंपनीत गेल्या. एका दिवाळीला त्यांचं भेटकार्ड आलं होतं : 'तुमचं उदाहरण मी प्रत्येक शिबिरात सांगते.' सोजराबाई दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात गेल्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती. माझ्या मुली शिकल्या. धाकटी परभणीला नर्स आहे.

जिवनबाईच्या नातवाचं लग्न गेल्या वैशाखात झालं. पत्रिका घरी आली, तिच्यावर माझं नाव असं घातलं होतं : करुणाबाई दारवाल्या, हिंगोली. जिवनबाईची नात शाळेत जाते, तिनं लिहिलेलं. अक्षर वळणदार होतं.

मी लग्नाला गेले.